कोठीतली चहापत्ती

चहा कसा करावा हे मला कोणी शिकवलं नाही. शाळेत मी फार दिवस टिकले नाही. टिकले असते तर मास्तरणीलाच दोन गोष्टी शिकवून आले असते. नंदनवनात आमच्या गल्लीत येऊन कोणालाही विचारा, "प्रेमिलाबाईचं घर कोणतं?" तो घर दाखवायच्या आधी म्हणेल, "चहाच्या वेळेवर जा." असं नाव काही दुकानात मिळत नाही. त्यासाठी जन्मभर चुलीजवळ उभं राहावं लागतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड वाचावं लागतं.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर साऱ्या मुलखातून माणसं येतात. उमरेड रोडनं जी येतात, टेम्पोनं, ट्रॅक्टरनं, काही पायीसुद्धा, त्यांना आमच्या विहाराचं महिला मंडळ रस्त्याच्या कडेला मांडव टाकून चहा देतं. मांडव समितीचा, दूध मंडळाचं, साखर ज्याच्या मनात येईल त्याची. पण चुलीवर जो भला मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढतो, त्याच्याजवळची जागा माझी. मी हातात पळी घेऊन उभी राहते. बाकीच्या बाया कप भरतात, बिस्किटं वाटतात, फोटो काढतात. पळीला हात कोणी लावत नाही. लावून पाहावा.

तर गेल्या साली ऐन गर्दीत पत्ती संपली. कोणीतरी धावत जाऊन चौकातल्या दुकानातून जी मिळाली ती आणली. किती पावसाळे पाहिलेली पत्ती होती कोणास ठाऊक. उकळली तर ओल्या बारदानाचा वास. एका म्हाताऱ्या बाबानं माझ्या देखत कप कडेला ओतला. सभ्य माणूस होता, पाठ फिरवून ओतला, पण ओतला. माझ्या हातचा चहा. जमिनीवर. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. म्हणजे जेवले, पण चव लागली नाही.

ही संधी चंद्रकला कशी सोडेल? चंद्रकला म्हणजे आमच्या समोरच्या घरची, मंडळाची सचिव. बोलते गोड, पण गोड बोलणाऱ्या बाईकडे मी नेहमी दोनदा पाहते. यंदा आषाढातल्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली. "प्रेमिलाबाईचं वय झालं, त्यायले त्रास कायले द्यायचा? आपण मशीन आणू. बटन दाबलं का चहा. पत्तीची झंझट नाही, उकळायची झंझट नाही."

"अन् चवीची?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"चव मशीनमध्येच येते, बाई."

विहार समितीचे अध्यक्ष भैयाजी. सरकारी कचेरीत बाबू होते. माणूस रिटायर होतो, त्याच्यातला बाबू होत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "दसऱ्याच्या आधीच्या रविवारी विहारात दोन्ही चहा होतील. सभासद चव घेतील. हात वर करून ठराव होईल. ज्याच्या बाजूनं ठराव, त्याचा मांडव."

म्हणजे माझ्या पळीची परीक्षा! मी म्हटलं, "घ्या परीक्षा. यंदा पत्ती मी स्वतः आणीन, आधीच आणीन अन् दसऱ्यापर्यंत अशी ठेवीन का काल झाडावरून तोडली वाटलं पाहिजे."

आता इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागतो. आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्यात लोक काही ना काही सोडतात. कोणी मटण सोडतं, कोणी टीव्हीवरची मालिका. त्या पौर्णिमेला विहारात चंद्रकला उठली आणि म्हणाली, मी वांगं सोडते. वांग्यानं तिच्या अंगाला खाज सुटते हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. हा काय त्याग झाला? मला राहवलं नाही. मी उठले आणि म्हणाले, "मी चहा सोडते."

विहारात असा सन्नाटा झाला की पंख्याचा आवाज ऐकू आला. आमचे हे, म्हणजे धोंडबा, मागच्या रांगेत खोकायला लागले. तो सन्नाटा मला फार आवडला. त्यात एवढंच लक्षात आलं नाही, की आश्विन पौर्णिमा दसऱ्याच्या नंतर येते आणि परीक्षा दसऱ्याच्या आधी आहे. म्हणजे चहा मी निवडणार, मी सांभाळणार, मी उकळणार आणि चाखणार मात्र बाकीचे सगळे. पण बोललेला शब्द मी परत घेत नाही. मी मनाशी म्हटलं, ज्याचा हात मुरला त्याला जीभ कशाला लागते?

श्रावणात यांना घेऊन मी इतवारीत गेले. हातगाड्या, टेम्पो आणि चिखल यांतून वाट काढत किराण्याच्या ओळीत पोचले. पुडीतली भुकटी नव्हे, मला सुटी पत्ती पाहिजे होती. लांब, काळी, पिळदार. दुकानदारानं चार गोण्यांची तोंडं उघडून दाखवली. मी मूठभर घेऊन हातावर चोळली, हुंगली, वाजवून पाहिली. यांनी विचारलं, "वाजवून काय कळते वं?" मी म्हटलं, "तुमाले वाजवून पाहिलं असतं तं आज मी कुठच्या कुठं असती." दुकानदार हसला. पत्ती खरंच नंबर एक होती. दुकानाच्या दारातून बाहेर पडेस्तोवर तिचा वास माझ्या पदराला लागला होता.

निघताना दुकानदार म्हणाला, "माँजी, बंद डब्यात ठेवा. छोटे छोटे डबे करा. हवा नको, ऊन नको, कशाचा वास नको."

ज्या बाईनं सासूच्या काळापासून वर्षाचे गहू, वर्षाची तूरडाळ, वर्षाची मिरची सांभाळली, जिच्या डाळीत आजपर्यंत किडा तर सोडा, किड्याचा विचारही शिरला नाही, तिला हा काल मिसरूड फुटलेला साठवण शिकवतो! मी त्याला म्हटलं, "तू विक. ठेवणं माह्यावर सोड."

घरी आणून मोनालीला, म्हणजे माझ्या सुनेला, म्हटलं, "गच्चीवर सतरंजी टाक, त्यावर पांढरी चादर टाक."

"काहून आई?"

"उन्हं दाखवायची आहे पत्तीले."

"आई, चहापत्तीले कोणी उन्हं दाखवते का?"

"पावसाळ्यातला माल आहे. उन्हं दाखवल्याशिवाय कोणतीच वस्तू कोठीत जात नाही. माह्या घरात तं नाहीच."

मोनाली बँकेत नोकरी करते, शिकलेली आहे आणि वाद कुठे थांबवायचा हे तिला कळतं. तिनं चादर टाकली. नागपूरचं श्रावणातलं ऊन म्हणजे ढगाच्या फटीतून डोकावणारं, पण डोकावलं की चामडी सोलणारं. पत्ती छान तापली. शेजारच्या इंदूबाईनं त्याच गच्चीवर, आमची भिंत लागून आहे ना, भिवापुरी मिरची वाळत टाकली होती. तिच्याही मिरचीला ओल लागली होती. इंदूबाई कोष्ट्यांच्या घरची, सासर-माहेर दोन्हीकडे माग होते. आता माग नाहीत, पण सूत नसलं तरी ती बोलणं विणत बसते.

"काय वं प्रेमिला, पत्ती वाळवून राहिली?"

"हो. दसऱ्यापर्यंतची ठेवण आहे."

"मग कडुनिंबाचा पाला टाक. थरावर थर. मी तांदळात टाकते, किडे होत नाही."

"टाकीनच ना. तुह्याआधी मले माहीत आहे."

एवढं बोलतो तोवर वारं सुटलं. असं सुटलं की इंदूबाईच्या मिरच्या माझ्या चादरीवर आणि माझी पत्ती तिच्या मिरच्यांवर. मागून सर आली. आम्ही दोघींनी मिळून जे हाती लागलं ते गोळा केलं. खाली येऊन मिरच्या वेचल्या. देठं सारी निघाली, बिया काही निघेनात. बी काळं नाही, पत्ती काळी. शोधायला सोपं जावं, पण माझ्या चष्म्याचा नंबर वाढलेला. मी म्हटलं, राहू दे, मिरचीच्या बियेनं कीड लागत नाही, उलट पळते.

चार थेंब पत्तीवर पडले होते. म्हणून हॉलमध्ये पसरली आणि पंखा सोडला. पंखा पाचावर सोडायचा नव्हता हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. यांच्या टक्कलावर, टीव्हीवर, भिजत घातलेल्या साबुदाण्यात, सगळीकडे पत्ती. हे आरामखुर्चीत होते, म्हणाले, "मी हलू का नको?" मी म्हटलं, "हलू नका, तुमच्या अंगावरची पहिले झाडून घेते." एकेक कण गोळा केला. केरसुणीनं नाही, हातानं. पत्तीची इज्जत असते.

मग कोठी काढली. पत्र्याची, घट्ट झाकणाची, माझ्या सासूची. तिच्यात तूरडाळ असायची. डाळीला आम्ही एरंडेल चोळून ठेवतो, त्यामुळे कोठीच्या अंगाला आतून थोडं एरंडेल मुरलेलं. मी फडक्यानं पुसली. चांगली पुसली. खाली पाला, वर पत्ती, वर पाला, वर पत्ती. सगळ्यात वर कापराच्या वड्या पुरचुंडीत बांधून, मुंग्यांसाठी.

यांनी भीत भीत विचारलं, "मुंग्या साखरेले लागतात ना वं? पत्तीले कशाले लागतीन?"

"मुंगी का विचारून येते का?"

आणि मी झाकण दाबून बसवलं.

आता भैयाजी. त्यांना कुठून तरी कळलं की पत्ती आली. ते घरी आले, काखेत फाईल. मला म्हणाले, "प्रेमिलाबाई, सार्वजनिक कामाचा साठा आहे. साठा कुठं ठेवला, कसा ठेवला, याचा फोटो समितीले लागेल. अन् साठा जमिनीपासून उंच पाहिजे. भिंतीले टेकलेला नको. गोदामाचा नियम आहे."

"माह्या घराले गोदाम म्हणता भैयाजी?"

"मी नाही म्हणत, नियम म्हणते."

त्यांनी स्वयंपाकघर नामंजूर केलं, तिथे वाफ येते. पलंगाखालची जागा नामंजूर, जमिनीला लागून आहे. कपाटाचा माथा मंजूर होत होता, पण कोठी वर ठेवली की पंख्याला लागते. शेवटी हॉलच्या कोपऱ्यात, जिथे बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, तिथला दगडी ओटा त्यांना पसंत पडला. उंच, कोरडा, भिंतीपासून हातभर सोडून. मीही खूश झाले. घरातली सगळ्यात स्वच्छ जागा ती. भैयाजींनी कोठीसोबत माझा फोटो काढला, फाईलीत त्याचा आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि जाताना म्हणाले, "आता साठा समितीच्या परवानगीशिवाय हलवता येणार नाही."

तिथे मी सकाळ-संध्याकाळ वंदना घेते. मेणबत्ती लावते, मोगऱ्याची अगरबत्ती लावते. वर्षावासात जरा जास्तच लावते. अगरबत्तीचा धूर कोठीभोवती दोन फेरे घालून मगच वर जायचा. मला वाटायचं, चांगलंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला वास आला नाही का? घरात सकाळपासून कडुनिंब, कापूर, मोगरा. पडद्यांना तोच वास, चादरींना तोच वास, मोनालीच्या बँकेच्या पिशवीलाही तोच वास. मग कोठी उघडली की वेगळं काय कळणार? नदीत बसलेल्या म्हशीला कोणी विचारतं का, ओलं लागते का म्हणून?

घरच्यांसाठी रोजचा चहा मी त्याच पत्तीचा करायची. करून पाहिल्याशिवाय हात बसत नाही. मी घेत नव्हते, पण रंग पाहायची. रंग झकास यायचा. पण भाद्रपद लागला आणि घरात एक बदल झाला. हे पूर्वी दिवसातून मोजता येणार नाही इतक्या वेळा "चहा टाक वं" म्हणायचे. ते थांबलं. "ॲसिडिटी होते," म्हणाले. सकाळी फिरायला जायला लागले, इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. फिरून आले की तोंडावर तजेला. मोनाली म्हणाली, "आई, मी ग्रीन टी सुरू केला." संघपाल, माझा मुलगा, ऑफिसला लवकर निघायला लागला. सिलिंडरवाल्याला कप दिला तर तो कप गुलाबाच्या कुंडीजवळ ठेवून "मावशी, गाडी उभी आहे" म्हणून पळाला.

माझा ऊर भरून आला. मी वर्षावासात चहा सोडला, म्हणून साऱ्या घरानं न बोलता माझ्यासोबत सोडला! एवढं मानणारं घर कोणाचं आहे? मी ही गोष्ट इंदूबाईला सांगितली. "हो वं," म्हणाली, "तुह्यासाठी सोडला आहे, हे तं पक्कं."

रविवार उजाडला. सकाळी विहारात वंदना झाली. सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील घेतलं. मग सतरंज्या सरकवल्या, एका टेबलावर चंद्रकलेची मशीन, दुसरीकडे माझी शेगडी.

आधी मशीन. चंद्रकलेची सून ऋतुजा बटन दाबत होती. ही पोरगी लग्न होऊन येऊन वर्षही झालं नाही, उमरेडकडची. गर्रर्र आवाज झाला आणि कपात काहीतरी पडलं. लोकांनी घेतलं. "छान आहे." "गोड आहे." "गरम आहे." चहाला गरम म्हणून वाखाणतात तेव्हा समजावं.

मग माझी पाळी. मी उकळला तो कसा, ते पाहण्यासारखं होतं. दूध केव्हा, आलं केव्हा, पत्ती केव्हा, आच केव्हा मोठी, केव्हा बारीक. पळीनं वर उचलून सोडला तर धार तांब्यासारखी. मी स्वतःच्या हातानं एकेकाला दिला. मग पळी हातात धरून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले, सवयीनं.

भैयाजींनी घोट घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. "वा," ते म्हणाले. "वेगळा आहे."

"दमदार आहे," मागून कोणी म्हणालं.

"अंगाले चांगला असंल," तिसरी बाई म्हणाली.

यांनी एका घोटात कप रिकामा केला आणि लगेच पाणी मागितलं. आणि चंद्रकला? तिनं कप तोंडाला लावला, माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहत होतेच, आणि तिनं गिळला. "प्रेमिलाबाईच्या हाताले तोड नाही," म्हणाली. शत्रूच्या तोंडून! मला वाटलं, आता मशीन गुंडाळा.

भैयाजी म्हणाले, "प्रेमिलाबाईच्या बाजूनं कोण?" सगळे हात वर. चंद्रकलेचाही. भैयाजी ठराव लिहायला लागले.

"ठराव लिहू नका काका."

ऋतुजा होती. तिच्या हातात कप तसाच भरलेला.

"आजी, हा चहा नाही प्यायल्या जात. याले कापराचा वास येते. अन् तिखट लागते. अन् तेलकट आहे."

"ऋतुजा!" चंद्रकलेनं तिचा दंडच पकडला. "मोठ्या माणसायसमोर असं बोलते का वं? माफी माग."

"तुमच्या मशीनचाही चांगला नाही आई," पोरगी म्हणाली. "ते रंगवलेलं गोड पाणी आहे. माहे बाबा दरवर्षी उमरेडच्या पलीकडून ट्रॅक्टरवर येते. रात्रभर बसून येते. त्यायले हा पाजायचा का तो पाजायचा? मी तं दोन्ही नाही पाजणार."

विहार गप्प. आषाढातला सन्नाटा मला आवडला होता. हा नाही आवडला. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडावर असं बोलणारं माणूस जन्मलं नव्हतं. तोंडावर आलं होतं, की काल आलेल्या पोरी, तुझी जीभ भाजली असेल. पण मी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते. मोनालीकडे पाहिलं, ती सतरंजीची दशी ओढत होती. भैयाजी फाईलमध्ये शिरले होते. माझ्याकडे पाहत होती ती एकटी ऋतुजा.

मी पळी खाली ठेवली. गंजातला चहा एका कपात ओतून घेतला.

"प्रेमिलाबाई," भैयाजी दचकले, "तुमचा वर्षावास आहे. तुम्ही चहा सोडला आहे."

"माहीत आहे मले."

मी घोट घेतला.

काय सांगू? आधी मोगरा आला. त्याच्या मागून कापूर, असा की डोक्यापर्यंत चढला. तो उतरतो न उतरतो तोच भिवापुरी मिरची घशाला लागली. कडुनिंब सगळ्यात शेवटी आला आणि बसून राहिला. एरंडेल जिभेवरून हललंच नाही. यात चहा कुठेच नव्हता. इतवारीतून पदराला वास घेऊन आलेली ती नंबर एक पत्ती, तिचा मीच जीव घेतला होता. वर्षाच्या बेगमीसारखी सांभाळली आणि चहाचं औषध करून ठेवलं.

पण माझ्या हातचं मी टाकत नाही. मी तो कप शेवटपर्यंत प्यायले. उलटा करून ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मिरचीचं होतं.

मग मी बोलले.

"भैयाजी, आज सकाळी इथं बसून आपण काय घेतलं?"

"काय घेतलं?"

"पंचशील घेतलं. चौथं शील कोणतं?"

सगळे सतरंजीकडे पाहू लागले. लहान लेकरांना पाठ असतं.

"खोटं बोलणार नाही, हे. तासही झाला नाही अजून! अन् एका कपापायी साऱ्या विहारानं ते मोडलं. 'दमदार आहे.' 'अंगाले चांगला असंल.' भैयाजी, वेगळा म्हणजे काय हो? घाण म्हणायले तोंड दुखते का? परवा ट्रॅक्टरवरून उतरलेल्या माणसाले हा पाजला असता मी. तुमच्या ठरावानं! त्यायनं रस्त्यावर ओतला असता अन् तुम्ही माह्या मागं उभं राहून म्हणले असते, वा वा."

चंद्रकला हळूच म्हणाली, "बाई, तुमाले कोण सांगणार? तुमची जीभ..."

"माही जीभ काय वं? चावते का?"

"हो," मागून यांचा आवाज आला. चाळिसाहून जास्त वर्षांच्या संसारात यांनी चारचौघांत माझ्याविरुद्ध बोललेला तो पहिला शब्द. त्यानंतर ते स्वतःच घाबरून उठून उभे राहिले. "म्हणजे, मी कोपऱ्यावरच्या टपरीवर पितो वं, भाद्रपदापासून. सांगायची हिंमत नाही झाली. फिराले नाही जात मी."

काही लोक हसले. मी एकदा पाहिलं, ते थांबले. पण खरं सांगते, ते वाक्य मला कापरापेक्षा जास्त लागलं. घरच्या माणसाला माझ्या चहाबद्दल मला सांगता येत नाही आणि तो टपरीवर जाऊन पितो. मी समजत होते माझ्या मानापायी घरानं चहा सोडला. सोडला होता माझ्या भीतीपायी. दोन्हीला दिसायला एकच तोंड असतं. मान मिळाला की भीती मिळाली, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं आणि ते एका घोटात कळलं.

भैयाजींनी विचारलं, "मग ठराव काय लिहू?"

"खोडा तो ठराव. खोट्यानं मिळालेली जागा मले नाही पाहिजे."

"मग मशीन?" चंद्रकलेचे डोळे चमकले.

"मशीन काहून?" ऋतुजा म्हणाली. "आजीचा हात खराब नाही, पत्ती खराब आहे. मी पाहिलं ना आता, कसा उकळला ते. आमच्या गावात असं कोणाले जमत नाही. नवीन पत्ती आणू. परवा दसरा आहे, ठेवायचीच किती? घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, मसाल्यापासून दूर. अन् उघडायची नाही."

"उघडायची नाही म्हणजे?" मी विचारलं. "पाहायचं नाही का मधातून?"

"नाही आजी."

"उन्हं?"

"नाही."

"पाला?"

"आजी!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी इतवारीत गेलो. तोच दुकानदार. त्यानं विचारलं, "माँजी, इतक्या लवकर संपली?" मी म्हटलं, "गुलाबांना आवडली." खोटं नव्हतं, कोठी मी त्याच सकाळी गुलाबाच्या कुंड्यांत रिकामी केली होती. भैयाजींची परवानगी न घेता. पत्ती ऋतुजानं छोट्या डब्यांत भरली आणि डबे तिच्या खोलीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी संध्याकाळी सहज म्हणून समोर गेले होते. चंद्रकला दारातच म्हणाली, "बाई, ती म्हणून गेली आहे, आजी आल्या तं कपाटाकडे जाऊ देऊ नका." सासू-सुनेनं मिळून माझ्यावर पहारा बसवला. मी म्हटलं, "मी तुहं घर पाहाले आली, कपाट नाही." आणि जरा वेळ तिचं घर पाहून परत आले.

दसऱ्याला पहाटे मांडव पडला. रस्त्यावर निळे झेंडे, ट्रॅक्टरचे दिवे, थकलेली लेकरं खांद्यावर. चुलीवर गंज चढला. ऋतुजानं पहिला डबा माझ्या समोर उघडला. वास असा आला की शेजारच्या बाया बिस्किटं विसरून वळल्या. मी पत्ती टाकली, उकळी आणली, पळीनं धार सोडून पाहिली. तांब्यासारखी. माझा नियम एकदा मोडला होता, पुन्हा मोडायचा नव्हता. चाखायला मला जीभ नव्हती.

समोरून माणसं येत होती. हात पुढे होते. मी पहिला कप भरला आणि त्यांना न देता ऋतुजाच्या हातात दिला.

"पी. अन् खरं सांग."

तिनं फुंकर मारली, घोट घेतला. चंद्रकला डोळ्यांनी तिला काहीतरी खुणावत होती.

"आजी," ती म्हणाली, "साखर कमी आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, डोळे न हलवता.

मी साखर टाकली. तिनं सांगितलं म्हणून नाही. मी टाकणारच होते.